झीमलच्या डाव्या बाजूची जागा

स्टेपनी, लंडन
२० जानेवारी १९१३

येरुखेम भावोजी,

तुमची माझी कधी भेट झाली नाही, आणि पहिलंच पत्र हे असं लिहावं लागतंय. तुमचा थोरला भाऊ झीमल गेल्या मंगळवारी सकाळी गेला. छातीचं दुखणं तुम्हाला माहीत होतंच. ते किती वाढलंय हे त्याने तुम्हाला कळवलं नसणार. कवितेत तो सगळं सांगायचा आणि पत्रात काहीच नाही.

शेवटचे दोन महिने त्याला इस्त्री उचलवत नव्हती. तरी वर्कशॉपमध्ये जाऊन बसायचा. म्हणायचा, यंत्रं चालू असली की ओळी सुचतात, घरात शांत आहे म्हणून सुचत नाही. मालकाने हाकललं नाही, कारण गेल्या वर्षीच्या संपानंतर मालक झीमलला जरा वचकून होता. संपात रोज संध्याकाळी झीमल टेबलावर उभा राहून कविता म्हणायचा आणि शिंपी रडायचे, आणि रडून झालं की आणखी आठवडाभर संप चालवायचे.

आमच्या अराजकवादी क्लबातल्या सोबत्यांकडे दफनाला जमीन नव्हती. अराजकवाद्यांनी दफनभूमी कधी विकत घेतलेली नाही. मग आपल्या बेरेझ्निकच्या लोकांचं इथे जे मंडळ आहे त्यांनी जागा दिली. झीमल लंडनला आला तेव्हा पहिल्याच वर्षी मंडळात नाव घातलं होतं, पुढे काढायचं राहून गेलं.

त्याच्या नावाने कद्दिशची प्रार्थना म्हणायची की नाही ते तुम्ही ठरवा. कोणाला म्हणू देऊ नको, असं त्याने मला सांगितलं होतं. तुम्हाला नव्हतं सांगितलं.

हेन्ये


बेरेझ्निक, ग्रोद्नो प्रांत
पेसाखचा सण उरकल्यावरचा गुरुवार

वहिनी, तुम्हाला शंभर आणि वर वीस वर्षं आयुष्य लाभो,

तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून रोज कद्दिश म्हणतोय. त्याला आवडणार नाही हे मला माहीत आहे. लहानपणी तो मला बदडायचा तेव्हा मला तरी कुठे आवडायचं?

उत्तराला उशीर केला तो मुद्दाम. तीन महिने पुरे व्हायच्या आधी हा विषय काढू नये असा नियम आहे. तुम्ही झीमलजवळ राहून आपले नियम विसरला असाल म्हणून उलगडून लिहितो. नवरा मूलबाळ मागे न ठेवता गेला, तर त्याची बायको दिराशी बांधलेली राहते. एकतर दिराने तिच्याशी लग्न करावं. ते आता कोणी करत नाही, घाबरू नका. नाहीतर तिला मोकळं करावं. पाच जण न्यायाला बसतात. माझ्या उजव्या पायात कातड्याचा जोडा चढवतात. तुम्ही वाकून त्याचे बंद सोडायचे, जोडा काढून फेकायचा, आणि माझ्यासमोर जमिनीवर थुंकून म्हणायचं की भावाचं घर जो उभारत नाही त्याची हीच गत. झालं. मग तुम्ही कोणाशीही संसार मांडायला मोकळ्या.

हे दुसऱ्याकरवी होत नाही. दोघांना समोरासमोर उभं राहावं लागतं. म्हणून मी लंडनला यायचं ठरवलंय. कातडी कमावायच्या कारखान्यातून सुट्टी मिळेल. माझी बायको ड्वोस्या म्हणते, "थुंकायचंच आहे ना? मग एवढ्या लांब कशाला जाताय? मी इथे करते की!"

चेष्टा सोडा. माझ्यामुळे एक बाई जन्मभर अडकून पडली हे ओझं घेऊन मला मरायचं नाही. तुमचं लग्न कुठल्या रब्बींनी लावलं आणि साक्षीदार कोण होते तेवढं कळवा.

तुमचा दीर येरुखेम


स्टेपनी, लंडन
१४ मे १९१३

येरुखेम भावोजी,

तुम्ही येऊ नका. एवढं सांगायला हे पत्र.

मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. सकाळपासून कोटांना काजं करते. संध्याकाळी डोळे इतके दुखतात की दिवा लावावासा वाटत नाही. संसार एक झाला, तो पुरला. माझ्या सुटकेसाठी समुद्र ओलांडायचं काही कारण नाही.

क्लबात शोकसभा झाली. आब्राशा बोलला. तो आमच्या वर्तमानपत्राचं काम बघतो, आवाज मोठा आहे त्याचा. झीमल कामगारांचा होता, झीमल उपाशी लोकांचा होता, झीमल अख्ख्या जगाचा होता, असं तो बराच वेळ सांगत होता. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. मग सगळ्यांनी झीमलचं गाणं म्हटलं, उभे राहून. मी बसूनच राहिले. पाय सुजतात हल्ली.

मला एकच गोष्ट हवी आहे. दफनभूमीत झीमलच्या डाव्या बाजूला एक जागा रिकामी आहे. मंडळाचा नियम असा की ती बायकोसाठी राखतात. मी मंडळाच्या चिटणीसाकडे, पिल्चकडे गेले. चांगला माणूस आहे, मटणाचं दुकान चालवतो. म्हणाला, लग्नाचं करारपत्र आण, लगेच नाव लिहितो. कागद सापडत नाहीत. आम्ही घरं फार बदलली. बघू.

तुम्ही काळजी करू नका.

हेन्ये


बेरेझ्निक
शवुओसच्या सणानंतरचा रविवार

वहिनी,

ड्वोस्याला तुमचं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, त्या गरीब बाईला वाटतंय तुम्ही तिच्याशी लग्न करायला येताय! तिला लिहा, तुमचे दात किती उरलेत ते. मग येऊ दे म्हणेल." तर लिहितो: वरचे चार, खालचे बरे आहेत. भीती बाळगू नका.

करारपत्राचं मात्र उगाच मनाला लावून घेऊ नका. आगी लागतात, पूर येतात, लोक देश सोडतात, कागद कुठे राहतात? पिल्चला माझं नाव सांगा. मी शपथेवर लिहून देतो. झीमलने तेव्हा आईला पाठवलेलं लग्नाचं वर्णन अख्ख्या गावाला पाठ होतं. स्पिटलफिल्ड्समधल्या अंगणात चार काठ्यांवर कापड ताणून मांडव घातला होता, दोन सारंगीवाले होते, वरून पाऊस भुरभुरत होता आणि रब्बी इतके म्हातारे होते की आशीर्वाद म्हणताना झोपले. आई ते ऐकून हसली आणि रडली. मग तिने मधाचा केक करून गल्लीत वाटला. म्हणाली, पोरगं देवाला मानत नाही, पण मांडवाखाली तरी उभं राहिलं.

ती त्याच हिवाळ्यात गेली. सुखाने गेली.

साक्षीदारांची नावं तेवढी आठवून बघा. लिबाऊ बंदरातल्या बोटीच्या दलालाशी बोलणं लावलंय.

येरुखेम


स्टेपनी, लंडन
६ जुलै १९१३

येरुखेम भावोजी,

दलालाला नको म्हणून सांगा. आता खरं लिहिते.

मांडव नव्हता. सारंगीवाले नव्हते. रब्बीही नव्हते. पाऊस तेवढा असेल, इथे असतोच.

झीमलने आईसाठी ते सगळं रचलं. मी म्हटलं होतं, कशाला? तो म्हणाला, मी इतक्या लोकांसाठी रचतो, एकदा तिच्यासाठी रचू दे. तिने केक वाटल्याचं तुमच्याकडून आज कळलं.

आम्ही असेच राहिलो. वर्कशॉपमध्ये भेटलो, तो इस्त्रीवर, मी काजांवर. मला वाचता येत नव्हतं. कोटांचे नमुने जुन्या वर्तमानपत्रांतून कापायचे, ते तुकडे मी घरी नेऊन अक्षरं लावत बसायची. बाहीच्या आकाराचा लेख, कॉलरच्या आकाराचा लेख, कशालाच शेवट नाही. एक दिवस त्याने विचारलं, "काय वाचतेस?" म्हटलं, "खिसा." तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी पूर्ण अंक आणून दिला. सहा महिन्यांनी मी माझं गाठोडं घेऊन त्याच्या खोलीवर गेले. क्लबातल्या लोकांनी चहा आणि हेरिंग मासे दिले. आमच्यात तेव्हा तसंच करायचे. रब्बी आणि सरकार दोघांना दाराबाहेर ठेवायचं. मला पटलं होतं, कोणी फसवलं नाही.

एक मुलगा झाला. नाव ठेवायच्या आधीच गेला. त्यानंतर नाही. गेल्या वर्षी गोदी कामगारही संपावर होते, त्यांच्या उपाशी मुलांना शिंप्यांनी घरी नेलं, तेव्हा एक आयरिश मुलगी काही आठवडे आमच्याकडे होती. झीमल तिला मांडीवर घेऊन यिद्दिश गाणी म्हणायचा. तिला शब्द कळत नसे, ती ताल धरायची.

आता पिल्चचं ऐका. शोकसभेत सगळे उभे राहून म्हणत होते ते गाणं झीमलने आम्ही एकत्र राहिलो त्या वर्षी केलं. सुरुवात अशी:

चार काठ्यांवर कापड नको, नको साक्षीदार दोन,
दिवसभराच्या इस्त्रीनंतर माझं दार उघडतं कोण?

कामगारांत हे फार पसरलं. इथून न्यूयॉर्कला गेलं, तिथून म्हणे अर्जेंटिनालाही. मी पुन्हा पिल्चकडे गेले आणि कागद हरवल्याचं सांगायला लागले, तर त्याने सुरी खाली ठेवली. म्हणाला, "हेन्ये, माझ्याशी खोटं बोलू नकोस. तू त्याची बायको नाहीस हे अख्खं व्हाइटचॅपल गातंय. मीसुद्धा गातो, दाढी करताना."

दुकानात दोन बायका होत्या, त्या हसल्या. त्यांचा दोष नाही, बोलला तो गमतीदारच.

मी म्हटलं, "दार मीच उघडत होते, पिल्च." तो म्हणाला, "मला माहीत आहे गं. पण मंडळात चाळीस माणसं आहेत. एकाला सूट दिली की उद्या प्रत्येक जण आपली बाई घेऊन येईल. त्या जागेसाठी दिवाळखोर झुकर केव्हाचा मागे लागलाय. सुक्कोसच्या सणापर्यंत थांबतो. त्याच्या पुढे मला जमणार नाही."

तेव्हा तुम्हाला कोणाला सोडवायचं नाही. मी बांधलेली नाहीच. तुमच्या शपथेचाही उपयोग नाही, ती खोटी होईल. मला माफ करा म्हणत नाही, कारण मी काही वाईट केलं असं मला वाटत नाही. पण आईंना केकचा त्रास झाला याचं वाईट वाटतं.

हेन्ये


बेरेझ्निक
नवं वर्ष लागायच्या आधीचा बुधवार

हेन्ये,

वरचं नाव नुसतं लिहून पुढे आठवडा गेला. वहिनी लिहावं की नाही ते ठरेना.

मी चिडलो होतो. उगाच कशाला लपवू? उपासाच्या पवित्र दिवशी क्लबात नाचगाणं करायचा तो, ते आम्ही ऐकून होतो. गावात माना खाली घालून फिरायचो. आईच्या त्या एका आनंदावर मी त्याला सगळं माफ केलं होतं. आणि तो आनंदही त्याने कागदावर बनवला! ड्वोस्याला म्हणालो, विषय संपला. ती म्हणाली, "बरं. मग त्या बाईने त्याच्या थुंकीची भांडी वीस वर्षं कोण म्हणून धुतली?" आणि तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. आमच्या घरात ती तीन दिवस गप्प बसली तर शेजारी चौकशीला येतात.

शेवटी रब्बींकडे गेलो. नव्वदीचे आहेत, दिसत नाही, पण ऐकतात तिखट. सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "लपूनछपून राहत होते की चारचौघांत?"

म्हटलं, "चारचौघांत? रब्बी, त्याने गाणं केलं त्याच्यावर."

"म्हण बघू."

मला लाज वाटली. पण म्हटलं, तुमच्या पत्रातल्या दोन ओळी. रब्बींनी दाढीतून हात फिरवला. मग म्हणाले, "हे किती लोक गातात?"

"शिंपी तेवढे सगळे."

"मग साक्षीदार दोन नव्हते म्हणतोस ते कसं? दोन हजार आहेत. माणूस उजळ माथ्याने एका बाईजवळ राहतो, तिच्या हातचं खातो, तिच्याशिवाय दुसरीकडे बघत नाही, आणि हे जगाला ओरडून सांगतो. त्याच्या तोंडाला काय हवं ते बोलू दे. शास्त्र म्हणतं, असा माणूस संसारच करत होता. ती बायको असल्याची दाट शंका आहे. आणि शंका असली की बांधलेलीच धरायची."

मी विचारलं, "किती दिवस?"

"तू तिच्याकडून जोडा सोडवून घेईपर्यंत. नाहीतर तू जिवंत आहेस तोपर्यंत. तुला दुसरा भाऊ नाही ना? मग तू गेलास की गाठ आपोआप सुटली."

त्यांनी हे पिल्चच्या मंडळाला उद्देशून लिहायला लावलंय, खाली शिक्का आहे. सोबत पाठवतोय. गंमत बघा, तुम्ही वीस वर्षं आमच्या कायद्याला बाहेर ठेवलंत आणि तो तुम्हाला आत घेऊन बसलाय.

तेव्हा मला आलंच पाहिजे. डॉक्टर म्हणतात समुद्रावर जाऊ नकोस. मलाही आमच्या घराण्याचा खोकला लागलाय, कातड्याची धूळ आणि चुन्याची वाफ. पण तुमचं उत्तर आलं की निघेन.

तुमचा दीर, येरुखेम


स्टेपनी, लंडन
२ नोव्हेंबर १९१३

येरुखेम भावोजी,

रब्बींचा कागद पोचला. तुम्ही पुन्हा दीर म्हणून सही केलीत तीही पोचली.

सुक्कोसच्या आदल्या दिवशी तो पिल्चकडे नेला. त्याने हात पुसले, दोनदा वाचला, मग बायकोला बाहेर बोलावून तिला वाचून दाखवला. "दोन हजार साक्षीदार," म्हणाला, "त्यात मी पण आलो की." आणि माझं नाव लिहिलं: हेन्ये, झीमलची. पुढे काय लिहावं त्याला कळेना. म्हणाला, "विधवा आत्ता लिहू की तू सुटल्यावर? जाऊ दे. सुटलीस की सांग, तेव्हा बघू." झुकरला त्याने दुसऱ्या ओळीतली जागा दिली.

आब्राशाला हे कळलं. इथे काही लपत नाही. घरी आला, टोपीसुद्धा काढली नाही. आमच्यात सगळे एकमेकांना तूच म्हणतात, पण त्या दिवशी त्याचं तू टोचलं.

"मेल्यावर तू त्याला मांडवाखाली उभं केलंस, हेन्ये. रब्बीच्या शिक्क्यासकट! त्याने जन्मभर ज्याच्याविरुद्ध लिहिलं त्याच्यापुढे जाऊन हात पसरलास. आता ते गाणं आम्ही कोणत्या तोंडाने म्हणायचं?"

मी काजं करत होते, हातातलं ठेवलं नाही. म्हटलं, "क्लबाची जमीन आहे का त्याच्या शेजारी? असली तर दे. हा कागद मी चुलीत घालते."

मी पुढचं काज घेतलं.

"सभेत तू म्हणालास तो जगाचा होता. असू दे जगाचा. मला जगातली सहा फूट हवी होती, ती तुझ्याकडे नव्हती. पिल्चकडे होती."

तो म्हणाला, "झीमलला हे आवडलं नसतं."

"नसतं," मी म्हटलं. "भांडला असता. आणि मग जेवायला बसला असता."

आब्राशाने टोपी काढली आणि चहा मागितला. दिला. तो वाईट नाही. त्याने झीमलच्या शेवटच्या कविता स्वतः खिळ्यांची जुळणी करून छापल्या, डोळे बिघडवून. पण गाणं ज्यांच्या ओठावर असतं त्यांना वाटतं ते त्यांचंच आहे. मला कधी तसं वाटलं नाही. झीमल ते माझ्यासमोर रचत होता आणि मी बटाटे सोलत होते. त्याने विचारलं, कसं आहे? मी म्हटलं, चांगलं आहे, पण दुसरी ओळ खरी आहे आणि पहिली नुसती मोठ्याने म्हटलेली आहे. तो दोन दिवस रुसला.

आता तुमच्या येण्याचं.

मी तो विधी मनात करून बघितला. तुमच्यासमोर वाकायचं, बंद सोडायचे, जोडा फेकायचा, थुंकायचं. मग ते पाच जण म्हणणार, तू सुटलीस. इतकी वर्षं कोणी म्हटलं नाही की मी त्याच्याशी बांधलेली आहे. सरकारने नाही, क्लबाने नाही, आम्ही दोघांनी तर मुळीच नाही, आमचा तो अभिमान होता. पहिल्यांदा कोणी म्हटलं ते तुमच्या आंधळ्या रब्बींनी. माझा त्यांच्या देवावर विश्वास नाही आणि आता बसेल असंही नाही. पण दिवसभर काम करून घरी येते, खोली गार असते, तेव्हा तो कागद आहे हे मला बरं वाटतं. याच्याहून चांगलं मला सांगता येत नाही. थकले आहे.

तेव्हा येऊ नका. मला मोकळं करू नका. पापाचं ओझं म्हणाल तर ते मी मागून घेतलंय, तुमच्यावर नाही. रब्बींना तसं सांगा.

सोबत जाड लोकरीचं जाकीट पाठवते आहे, गेल्या महिन्यात मीच शिवलं, काजं घट्ट आहेत, छाती उघडी पडणार नाही. कारखान्यात तोंडाला फडकं बांधत जा. ड्वोस्याला सांगा, झोपताना गरम चहात हंसाची चरबी घालून देत जा, झीमलला त्याने रात्र बरी जायची. आणि डॉक्टरांचं ऐका. तुम्ही आहात तोवर ही गाठ आहे, असं रब्बींनीच सांगितलंय. म्हणून जपून राहा, भावोजी. मला अजून काही वर्षं त्याची बायको राहायचं आहे.

हेन्ये